आकड्याला प्रश्न विचारा

पावसाळ्यात सकाळी वर्तमानपत्र हाती आले की आपण प्रथम पावसाचा आकडा पाहतो. पणजीत इतके मिलिमीटर, मडगावात इतके, सांग्यात इतके. तो वाचून कोणी म्हणतो, “यंदा पाऊस बरा आहे,” तर कोणी मान हलवून म्हणतो, “पूर्वीचा पाऊस आता राहिला नाही.” पण ह्या आकड्याचा अर्थ काय, तो कोणी मोजला, कोठे मोजला, कशाने मोजला आणि कोणत्या वेळेपर्यंतचा पाऊस त्यात धरला, हे विचारणारा मनुष्य विरळाच. छापलेला आकडा दिसला की आपली जिज्ञासा तेथेच थांबते. ती थांबू नये, ह्यासाठी शाळेला काय करता येईल, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

प्रथम त्या पावसाच्या आकड्याचेच उदाहरण घेऊ. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर सपाट जागेवर पडलेले १ लिटर पाणी. ते वाहून गेले नाही, मुरले नाही, आटले नाही, तर त्याचा जो थर साचेल त्याची जाडी १ मिलिमीटर भरेल. म्हणजे एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५० चौरस मीटरांच्या वर्गखोलीच्या छपरावर ५००० लिटर पाणी ओतले गेले! भारतीय हवामानशास्त्र विभाग (स्थापना १८७५) पावसाची जी दैनिक नोंद प्रसिद्ध करतो, ती सकाळी ८ वाजून ३० मिनिटांपर्यंतच्या २४ तासांची असते. सकाळी ९ वाजता शाळेच्या वाटेवर ज्या सरीने आपणांस भिजवले, ती आजच्या आकड्यात नसते. ती उद्याच्या आकड्यात येते. शिवाय पर्जन्यमापक एखाद्या माडाच्या वा भिंतीच्या आडोशाला असेल तर आकडा चुकतो; म्हणून अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर तो उभारावा, असा नियम आहे. एवढ्याशा आकड्याच्या पोटात स्थळ, काळ, साधन आणि मोजणाराची शिस्त अशा किती गोष्टी दडलेल्या आहेत, पाहा!

अशा नोंदींच्या समूहास आज मराठीत ‘विदा’ म्हणतात. बोलण्यात आपण त्यास ‘डेटा’ म्हणतो. विदा गोळा करणे, ती नीट लावणे, तिची पारख करणे आणि तिच्यातून सावधपणे निष्कर्ष काढणे, ह्या विद्येला विदाविज्ञान असे नाव आहे. गणित, संख्याशास्त्र आणि संगणकविद्या ह्यांचा त्यात संगम झालेला आहे. बँका, इस्पितळे, रेल्वे, शेती, व्यापार, हवामानाचे अंदाज ह्या सर्वांत आज ह्या विद्येचा वापर होतो. साहजिकच पालक विचारतात, “हा विषय महाविद्यालयाचा, पाचवी-सहावीच्या मुलांना त्याचे काय?”

आमचे उत्तर असे की, हा विषय लहान मुलांना शिकवता येतो आणि शिकवावाही. मात्र तो पडद्याच्या टोकाने न शिकवता हाताच्या टोकाने शिकवला पाहिजे. बेरीज शिकवताना आपल्या वडीलधाऱ्यांनी प्रथम पाटीवर चिन्हे काढली नाहीत. त्यांनी मुलांच्या ओंजळीत चिंचोके दिले. पाच चिंचोक्यांत तीन मिळवले की आठ होतात, हे बोटांना कळले आणि मग ते पाटीवर उतरले. विदाविज्ञानाचे चिंचोके कोणते? तर आज स्वस्त झालेले आणि मुलांच्या हाती निर्धास्तपणे देता येण्याजोगे संवेदकांचे, म्हणजे सेन्सरांचे, छोटे संच.

अशा संचांपैकी एकाची माहिती येथे देणे उचित होईल. ब्रिटनच्या बीबीसी ह्या प्रसारण-संस्थेने १९८१ साली शाळांतील संगणकशिक्षणासाठी ‘बीबीसी मायक्रो’ नावाचा संगणक पुढे आणला होता. त्याच परंपरेत २०१५ साली त्या संस्थेने अनेक सहकारी संस्थांच्या साहाय्याने ‘मायक्रोबिट’ नावाची एक इलेक्ट्रॉनिक पट्टी मुलांसाठी सिद्ध केली, आणि २०१६ साली ब्रिटनमधील ११ ते १२ वर्षांच्या सुमारे १० लाख विद्यार्थ्यांना ती विनामूल्य देण्याचा उपक्रम हाती घेतला. ही पट्टी सुमारे ५ सेंटिमीटर लांब व ४ सेंटिमीटर रुंद असते. तळहातावर ती सहज मावते. तिच्यावर पाच ओळींत पाच असे २५ बारीक दिवे आणि दोन कळा असतात. ती तापमान जाणते, उजेड जाणते, हालचाल जाणते आणि होकायंत्राप्रमाणे दिशाही जाणते. २०२० साली आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत आवाज टिपण्याची सोयही झाली. ही दुसरी आवृत्ती ठराविक वेळाने स्वतःच नोंदी घेऊन साठवू शकते, आणि संगणकाला जोडली की त्या नोंदी तक्त्याच्या रूपाने समोर मांडते.

आता हा संवेदक जाणतो म्हणजे नेमके काय करतो? आपली त्वचा ऊन-थंडी जाणते, त्याप्रमाणे संवेदकातील पदार्थावर बाहेरच्या स्थितीचा परिणाम होतो. ऊष्मा वाढला वा उजेड पडला की त्याच्या विद्युतगुणात थोडा फरक पडतो. तो फरक सलग, हळूहळू वाढणारा वा घटणारा असतो. यंत्र त्या सलग फरकाचे पायऱ्यांत रूपांतर करते व प्रत्येक पायरीला एक अंक देते. उदाहरणार्थ, मायक्रोबिट पट्टी उजेड ० ते २५५ ह्या अंकांत सांगते. पूर्ण काळोख म्हणजे ० आणि लख्ख उजेड म्हणजे २५५. भाताची रास कुडवाने मोजताना जे होते, तेच येथे होते. किती कुडव भरले ते आपण मोजतो. उरलेले मूठभर भात हिशेबात येत नाही. मापाची पायरी जेवढी मोठी, तेवढे अधिक सांडते. यंत्राचे मापही असेच आहे, आणि प्रत्येक आकड्यामागे असे काही तरी सांडलेले असते, हे मुलाला एकदा उमगले की त्याने विदाविज्ञानाचा पहिला धडा घेतला म्हणून समजावे.

परंतु संच हाती आला म्हणून लगेच मोजू लागणे इष्ट नव्हे. आधी प्रश्न हवा. प्रश्नावाचून घेतलेल्या नोंदी म्हणजे पत्त्यावाचून टाकलेली पत्रे. त्या कोठेच पोहोचत नाहीत. आपल्या परिसरात चांगले प्रश्न विपुल आहेत. शाळेचा एक वर्ग मंगळुरी कौलांचा आहे आणि दुसरा सिमेंटच्या स्लॅबखाली आहे. दुपारी कोणता अधिक तापतो? आणि सूर्य मावळल्यावर कोणता लवकर निवतो? हा प्रश्न सहावीच्या मुलांना विचारला की उत्तरे तात्काळ येतात. वर्गाचे दोन पक्षही पडतात. अशा वेळी शिक्षकाने निवाडा देऊ नये. “तुम्ही हे कसे ठरवाल?” एवढेच विचारावे. मग मुलेच म्हणू लागतात: संच कोठे ठेवावा? खिडकीजवळ की मध्यभागी? किती उंचीवर? पंखा चालू असावा की बंद? एका वर्गात ४० मुले बसली आहेत आणि दुसरा रिकामा आहे, तर तुलना न्याय्य होईल काय? येथवर एकही आकडा घेतलेला नसतो, तथापि शास्त्राचे निम्मे काम झालेले असते.

ह्याच प्रयोगात एक गंमत दडलेली आहे आणि ती मुलांपासून लपवू नये. मायक्रोबिटमध्ये तापमानाचा जो संवेदक आहे, तो तिच्या मुख्य चकतीच्या, म्हणजे चिपच्या, आतच बसवलेला असतो. साहजिकच तो चिपचे तापमान सांगतो. चिप काम करताना थोडी तापते. म्हणून तिचा आकडा भोवतालच्या हवेहून किंचित अधिक असू शकतो. प्रयोगशाळेतला साधा तापमापक शेजारी ठेवला की दोन आकड्यांत फरक पडलेला दिसतो. मुले गोंधळतात: खरा कोणता? हा गोंधळ फार मोलाचा आहे. यंत्राने सांगितले म्हणून ते खरे, ही अंधश्रद्धा तेथेच सुटते. मुले दोन्ही साधने काही वेळ एकत्र ठेवून फरक नोंदवतात आणि मग यंत्राच्या आकड्यातून तेवढा वजा करतात. मोठ्या प्रयोगशाळांतही साधनाची अशीच प्रमाणाशी तुलना करून घेण्याची रीत आहे.

हवेचे तापमान मोजणे दिसते तितके सोपे नाही, हे वेधशाळांना पूर्वीच उमगले होते. तापमापकावर ऊन पडले तर तो हवेचे तापमान न सांगता स्वतःला लागलेल्या उन्हाचे सांगतो. ह्यावर उपाय म्हणून पांढऱ्या रंगाची, फटींच्या झडपांची, जमिनीपासून उंच उभारलेली लाकडी पेटी योजण्यात आली. तिला स्टीव्हनसनची पेटी म्हणतात. ती योजणारे थॉमस स्टीव्हनसन हे दीपगृहे बांधणारे अभियंते होते आणि ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे प्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हनसन ह्यांचे ते वडील. पेटीत वारा खेळतो, पण ऊन शिरत नाही. शाळेतील संचालाही पुठ्ठ्याची अशी पांढरी पेटी मुलांना सहज करता येईल.

दुसरा प्रयोग मातीचा. दोन खिळे मातीत थोड्या अंतरावर रोवावे आणि तारांनी ते संचास जोडावे. कोरड्या मातीतून वीज कष्टाने वाहते, ओल्या मातीतून सहज वाहते; म्हणून आकड्यावरून मातीचा ओलावा अजमावता येतो. कुळागरातील एका कुंडीभर मातीवर हा प्रयोग उत्तम साधतो. रोज पाणी घालण्यापूर्वी आणि घातल्यानंतर आकडा टिपला की झाडाला पाणी केव्हा हवे, ह्याचा अंदाज बांधता येतो. पण तीच पद्धत खाजन शेतीच्या मातीला लावून पाहा! खाडीच्या भरतीचे खारे पाणी जेथे पूर्वापार बांध घालून आणि मानशी उभारून अडवले जाते, त्या मातीत मिठाचा अंश असतो. आणि मिठाच्या पाण्यातून वीज अधिक सुलभ वाहते. त्यामुळे तितक्याच ओल्या असलेल्या खाजनाच्या मातीचा आकडा कुळागरातील मातीपेक्षा अधिक भरेल. यंत्र म्हणेल, “माती फार ओली आहे,” आणि शेतकरी हसून म्हणेल, “ओली कसली, खारी आहे!” यंत्राने ओलावा मोजलाच नव्हता, त्याने मोजली होती विजेची वाट. तिला ‘ओलावा’ हे नाव दिले ते आपण. आकडा आणि त्याला दिलेले नाव ह्यांत अंतर असते, हे तत्त्व ज्याला खाजनाच्या मातीने शिकवले, त्याला ते सहसा विसरता येणार नाही.

नोंदी झाल्या की त्यांचा अर्थ लावण्याची पाळी येते. समजा, पाच ठिकाणी ठेवलेल्या संचांनी एकाच वेळी २९, ३०, ३०, ३१ आणि ४५ अंश असे तापमान दाखवले. सरासरी काढली तर बेरीज १६५ आणि भागाकार ३३. पण वर्गात ३३ अंश कोठेच नव्हते! हेच आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घेतला तर तो ३० येतो, आणि तो बहुतेक जागांची स्थिती नीट सांगतो. ह्या मधल्या आकड्यास गणितात मध्यक म्हणतात. एक आडमुठा आकडा सरासरीला आपल्याकडे ओढून नेतो; मध्यक त्याला सहसा दाद देत नाही. पुढे कधी ‘सरासरी उत्पन्न’ वा ‘सरासरी गुण’ असे शब्द वाचनात आले, तर ह्या ४५ अंशांची आठवण ठेवावी.

मग त्या ४५ चे काय करावे? खोडून टाकावे? येथे मुलांची खरी कसोटी लागते. पाचांतील चार मुलांचे आकडे जुळतात आणि एकाचा जुळत नाही. तो बिचारा ओशाळतो आणि हळूच ४५ चे ३० करावयास पाहतो. त्याला रागावू नये, आणि खोडूही देऊ नये. संच जेथे होता तेथे सर्वांनी जाऊन पाहावे. कदाचित छपराच्या काचेतून ऊन नेमके त्यावर पडत असेल. कदाचित तार सैल असेल. कारण सापडले तर ते नोंदवहीत लिहावे. न सापडले तर आकडा तसाच ठेवून त्यापुढे प्रश्नचिन्ह करावे. वेगळा आलेला आकडा कधी साधनाची चूक दाखवतो, तर कधी जगातील एखादी नवी गोष्ट.

ह्याचे एक मोठे उदाहरण विज्ञानाच्या अलीकडच्या इतिहासात आहे. पृथ्वीभोवती वातावरणात ओझोन वायूचा विरळ थर आहे आणि तो सूर्याच्या घातक अतिनील किरणांपासून जीवसृष्टीचे रक्षण करतो. दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका खंडात हॅली येथे ब्रिटिश संशोधक वर्षानुवर्षे जमिनीवरून ह्या ओझोनाचे मापन करीत. तेथील वसंतऋतूत, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, आकडे वर्षागणिक घसरत चाललेले त्यांना दिसले. वर आकाशातून अमेरिकेचा उपग्रहही ओझोन मोजत होता. परंतु १८० एककांहून खाली गेलेल्या नोंदींना संशयास्पद अशी खूण करून बाजूला ठेवण्याची व्यवस्था त्याच्या गणनपद्धतीत होती, कारण इतके कमी आकडे पूर्वी कोणी पाहिलेलेच नव्हते. हॅलीच्या संशोधकांनी आपले जुने साधन तपासले, नोंदी पुन्हा पडताळल्या, आणि मे १९८५ मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँकलिन ह्या तिघांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यानंतर उपग्रहाच्या नोंदी नव्याने तपासण्यात आल्या आणि ओझोनाच्या थरातील तो प्रचंड खड्डा तेथेही स्पष्ट दिसला. त्यातून १९८७ साली माँट्रियल येथे जगातील राष्ट्रांनी ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांना आळा घालणारा करार केला. न जुळणारे आकडे खोडून टाकले असते तर? सहावीतील मुलाने आपल्या ४५ पुढे काढलेले प्रश्नचिन्ह आणि हॅलीच्या संशोधकांची चिकाटी ही एकाच कुळातील आहेत.

आपल्या देशातही अशा चिकाटीचा वारसा आहे. अ‍ॅना मणी (१९१८–२००१) ह्या विदुषी केरळात जन्मल्या आणि १९४८ साली हवामानशास्त्र विभागाच्या पुणे येथील कार्यालयात रुजू झाल्या. त्या काळी हवामानाची बहुतेक उपकरणे परदेशांतून येत. त्यांनी सुमारे १०० प्रकारच्या उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती आपल्याच देशात तयार व्हावी, ह्यासाठी परिश्रम घेतले. ओझोन मोजणारे भारतीय उपकरणही त्यांच्याच पुढाकाराने विकसित झाले. उपकरण सदोष असेल तर त्यावर उभारलेले सारे ज्ञान सदोष ठरते, ह्या जाणिवेने केलेले ते काम होते. आपल्या शाळांतील मुलींनी ह्या नावाचा परिचय अवश्य करून घ्यावा.

आणखी एक प्रश्न उरतो: किती मोजावे? घरोघरी आपण ऐकतो, शितावरून भाताची परीक्षा. एक शीत चेपून पाहिले की अवघ्या भांड्याचा अंदाज येतो. पण स्वयंपाक करणारी आई हेही जाणते की, वरचे शीत शिजले म्हणून तळचे शिजलेच असेल असे नाही. म्हणून ती भात हलवून मग शीत घेते. ह्या घरगुती शहाणपणाला शास्त्राचे रूप देणाऱ्यांत प्रशांतचंद्र महालनोबिस (१८९३–१९७२) हे अग्रगण्य होत. त्यांनी १९३१ साली कोलकाता येथे भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि निवडक शेतांची पाहणी करून बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज बांधण्याच्या पद्धती विकसित केल्या. त्यांचा जन्मदिवस २९ जून हा आपल्या देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. गोव्यात तेव्हा पाऊस भरात असतो. मोजण्याच्या उपक्रमाला ह्याहून चांगला मुहूर्त कोणता?

येथे कोणी म्हणेल, “संचांवाचून हे सारे कसे व्हावे?” संच आता दुर्मिळ राहिलेले नाहीत. केंद्र शासनाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी देशभर शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उघडण्यात आल्या आहेत, आणि गोवा शासनानेही शाळांतून कोडिंग व रोबोटिक्स शिकवण्याची योजना सुरू केली आहे. खरे भय वेगळेच आहे. महागडी वस्तू बिघडेल ह्या धास्तीने ती कपाटात कुलूपबंद राहते, आणि पाहुणे आले म्हणजेच टेबलावर मांडली जाते. मुलांच्या हाताळण्याने एखादी तार तुटली तर ती पुन्हा जोडता येते. न हाताळल्याने विझलेली जिज्ञासा पुन्हा पेटवणे अवघड.

आणि ज्या शाळेत संच नाही, तेथेही काम अडत नाही. सरळ उभ्या भिंतींचा एक रिकामा डबा आणि एक मोजपट्टी एवढ्या भांडवलावर पर्जन्यमापन सुरू होते. डब्याचे तोंड लहान असो की मोठे, बाजू सरळ असल्या की साचलेल्या पाण्याची खोली तीच भरते. बादलीसारखा वर रुंद आणि तळाशी अरुंद असलेला डबा मात्र फसवतो. का फसवतो, हे मुलांनीच शोधून काढावे. हा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी ८ वाजून ३० मिनिटांनी मोजावा, पाणी ओतून टाकावे, आणि आकडा लिहावा. पाऊस पडला नाही त्या दिवशी ० लिहावे. मोजावयाचे राहून गेले त्या दिवशी ० लिहू नये, ‘नोंद नाही’ असे लिहावे. ‘नाही पडला’ आणि ‘नाही पाहिला’ ह्या दोहोंत जमीन-अस्मानाचा भेद आहे, आणि तो पाळणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.

आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी कोंकणी बोलली जाते, शाळेत मराठी शिकवली जाते आणि यंत्राच्या पडद्यावर बहुधा इंग्रजी दिसते. त्यामुळे हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. म्हणूनच आमचा आग्रह असा की, प्रत्येक प्रयोगानंतर मुलाने आपल्या नोंदींविषयी पाच-सहा वाक्ये मराठीत लिहावी आणि घरी जाऊन आजीला ती कोंकणीत सांगावी. आकड्याला भाषा नसते हे खरे, पण त्याच्या अर्थाला असते. जे आजीला समजावून सांगता आले, तेच आपणांस समजले, असे खुशाल धरून चालावे.

शेवटी, हे सर्व कशासाठी, ह्याचे उत्तर द्यावयास हवे. सर्व मुले पुढे संगणकतज्ज्ञ व्हावी, अशी आमची अपेक्षा नाही. कोणी शेती करील, कोणी दुकान चालवील, कोणी परिचारिका होईल, कोणी बोटीवर जाईल. पण ह्यांपैकी प्रत्येकाविषयी कोणी तरी कोठे तरी आकडे गोळा करीत राहील. हातातला फोन आपण कोठे गेलो हे टिपतो; दुकान आपण काय विकत घेतले हे टिपते; आणि त्या आकड्यांवरून आपणांस कर्ज द्यावे की नाही, कोणती जाहिरात दाखवावी, हे यंत्रे ठरवू लागली आहेत. २०२३ साली आपल्या संसदेने व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आणि १८ वर्षांखालील मुलांच्या विदेसाठी पालकांच्या संमतीची तरतूद त्यात केली. कायदा आवश्यक आहेच. पण ज्याने बालपणी स्वतःच्या हाताने नोंद घेतली नाही, त्याला आपली नोंद कोण घेतो, कशी घेतो आणि तिला कोणते नाव देतो, हे विचारण्याचे सुचणार कसे? खाजनाच्या खाऱ्या मातीला यंत्र ‘ओली’ म्हणते; उद्या एखाद्या कष्टाळू माणसाला दुसरे कोणते यंत्र ‘अपात्र’ म्हणेल. त्या वेळी “तुम्ही नेमके काय मोजले?” असे नम्रपणे, पण ठामपणे विचारणारा नागरिक घडवणे, हे शाळेचे काम आहे.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, ह्यापुढे वर्तमानपत्रात, जाहिरातीत, प्रगतिपुस्तकात वा यंत्राच्या पडद्यावर कोणताही आकडा समोर आला की त्याला पाच प्रश्न विचारा. तुला कोणी मोजले? कोठे आणि केव्हा मोजले? कशाने मोजले? तुझ्या शेजारचे आकडे काय म्हणतात? आणि तुझ्यावाचून काय मोजावयाचे राहिले? खरा आकडा ह्या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याचा अर्थ अधिक उजळतो. ह्या मृगात घरामागच्या मोकळ्या जागेत एक डबा ठेवा, वहीचे एक पान आखा, आणि पहिल्या सरीची वाट पाहा. पहिला आकडा लिहाल तो स्वतःच्या हाताने, आणि जसा असेल तसा.